नाण्यावर बाबासाहेब आहेत, पुस्तक कुठे आहे?

१ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी दिल्लीत राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शताब्दीनिमित्त पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते शंभर रुपयांचे स्मारक नाणे आणि टपाल तिकीट प्रकाशित झाले. नाण्याच्या एका बाजूला सम्राट अशोकाची सिंहमुद्रा, दुसऱ्या बाजूला सिंहासह भारतमाता आणि तिच्यापुढे नतमस्तक स्वयंसेवक. स्वतंत्र भारताच्या नाण्यावर भारतमातेची प्रतिमा पहिल्यांदाच आली, असे खुद्द पंतप्रधानांनीच सांगितले. आणि हा सोहळा झाला कुठे? डॉ. आंबेडकर इंटरनॅशनल सेंटरमध्ये! केव्हा? विजयादशमीच्या आदल्या दिवशी. म्हणजे नागपूरच्या दीक्षाभूमीकडे लाखो पावले वळलेली असताना.

स्थळ बाबासाहेबांचे, मुद्रा अशोकाची, मुहूर्त धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या तोंडावरचा आणि नाणे संघाचे. याला योगायोग म्हणायचे की आणखी काही, ते ज्याने त्याने ठरवावे. आपल्या समाजात यावर संताप व्यक्त झाला आणि तो समजण्यासारखा आहे. पण संताप दोन दिवसांत निवतो, नाणे मात्र शेकडो वर्षे टिकते. कनिष्काच्या सोन्याच्या नाण्यावर बुद्धाची उभी प्रतिमा आणि शेजारी ग्रीक अक्षरांत कोरलेले बुद्धाचे नाव आजही वाचता येते. त्या काळचे किती राजवाडे आज उभे आहेत? नाणे हा राज्यकर्त्याने धातूवर लिहिलेला इतिहास असतो आणि तो कोण लिहितो, त्यात कोणाला कसे दाखवतो, हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे. आपण तो पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्याकडे एक पत्र्याचा डबा आहे. त्यात मी गेली पस्तीस वर्षे एकाच प्रकारची नाणी जमा करतो. ज्यांवर लेखक आहे, पुस्तक आहे, लेखणी आहे किंवा वाचणारा माणूस आहे, अशी नाणी. राजे-महाराजांची मला गरज नाही. ज्या समाजाला अक्षर शिकायला बंदी होती, त्या समाजातल्या माणसाने दुसरे काय जमवायचे? सुरुवात झाली १९९० च्या एक रुपयाच्या नाण्याने. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे ते नाणे. ते वर्ष आठवा. व्ही. पी. सिंग यांचे सरकार होते. बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांचे तैलचित्र लागले, ऑगस्टमध्ये मंडल आयोगाच्या अंमलबजावणीची घोषणा झाली. आणि त्याच वर्षी तांबे-निकेलच्या साध्या रुपयावर बाबासाहेबांचा चेहरा आला. हे नाणे कोणत्या मखमली पेटीत आले नाही. ते भाजीवालीच्या पदराला बांधले गेले, कंडक्टरच्या बॅगेत खुळखुळले, मंदिराच्या दानपेटीतही पडले. ज्याच्या सावलीचाही विटाळ होता, त्याची मुद्रा गाभाऱ्यापर्यंत जाऊन पोचली!

जुन्या पिढीच्या तोंडून आपण सगळ्यांनी ऐकले आहे. महाराने दुकानाच्या पायरीला शिवायचे नाही. पैसा लांबून जमिनीवर ठेवायचा. दुकानदार त्यावर पाणी शिंपडून उचलणार आणि माल वरून टाकणार. म्हणजे पैशाचा विटाळ पाण्याच्या चार थेंबांनी जात होता, माणसाचा चवदार तळ्याच्या पाण्यानेही जात नव्हता. गावगाड्यात बलुत्यावर जगणाऱ्या आपल्या लोकांच्या हाती रोख नाणे आले तेच मुळी पलटणीत, रेल्वेत आणि गिरणीत. म्हणून रुपयावर बाबासाहेब दिसले तेव्हा माझ्या आईने ते नाणे खर्चू दिले नाही. ते आजही डब्यात सगळ्यात वर आहे.

आता त्या नाण्याकडे नीट बघा. चेहरा आहे, नाव आहे, वर्ष आहे. पुस्तक नाही. २०१५ साली १२५ व्या जयंतीवर्षात पुन्हा नाणी निघाली. ६ डिसेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांनी दहा रुपयांचे आणि एकशेपंचवीस रुपयांचे अशी दोन नाणी प्रकाशित केली. त्यांवरही चेहराच. आपल्या गावातला पुतळा करणारा साधा कारागीर, ज्याला कला महाविद्यालयाची पायरी माहीत नाही, तो बाबासाहेबांच्या डाव्या हातात पुस्तक दिल्याशिवाय पुतळा पूर्ण समजत नाही. त्याला जे कळते ते सरकारी टाकसाळीला कळत नाही का? की कळते म्हणूनच गाळले जाते? मी प्रत्येक गोष्टीत कट शोधणारा माणूस नाही. इंचभर धातूवर चेहरा बसवणे सोपे, चेहरा आणि पुस्तक दोन्ही बसवणे अवघड, हे मला मान्य आहे. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे. जगाने ते करून दाखवले आहे.

अमेरिकेचे उदाहरण देतो, कारण आपले आणि तिथल्या काळ्या बांधवांचे नाते जुने आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि ती गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले. त्याच १९४६ मध्ये अमेरिकेने बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या स्मरणार्थ अर्ध्या डॉलरचे नाणे काढले. अमेरिकन नाण्यावर आलेला हा पहिला काळा माणूस. जन्माने गुलाम, पुढे शिक्षणसंस्था उभारणारा आणि आत्मचरित्र लिहिणारा. नाण्यावर गुलामाची झोपडीही कोरली आहे. म्हणजे माणूस कुठून आला हे नाणेच सांगते. पुढे २०१७ साली फ्रेडरिक डग्लस यांच्या वॉशिंग्टनमधल्या घराच्या सन्मानार्थ पाव डॉलर निघाला. त्यावर डग्लस लिहिण्याच्या मेजाशी बसलेले आहेत आणि मागे त्यांचे घर आहे. ज्या माणसाला लहानपणी अक्षरओळख देणे मालकाने बंद करवले, ज्याने चोरून वाचन शिकून घेतले, तो लिहिताना दाखवला आहे! त्याच वर्षीच्या एका डॉलरच्या नाण्यावर चेरोकी जमातीच्या सिक्वोयाने आपल्या लोकांसाठी घडवलेल्या लिपीत लिहिताना स्थान मिळवले. २०२४ च्या पाव डॉलरवर मूलनिवासी लेखिका झिटकाला-शा आहेत आणि त्यांच्या हातात पुस्तक आहे. २००७ मध्ये लिटल रॉकच्या शाळाप्रवेशाच्या लढ्याला पन्नास वर्षे झाली म्हणून चांदीचा डॉलर निघाला. त्यावर कोणाचा चेहरा नाहीच. शाळेकडे चाललेली मुलांची पावले आहेत, सोबत बंदूकधारी सैनिक आहे आणि नऊ मुलांसाठी नऊ तारे आहेत. हे नाणे पहिल्यांदा चित्रात पाहिले तेव्हा मला महाड आठवले. तिथे पाणी होते, इथे शाळा, पण पावले तीच.

याचा अर्थ अमेरिकेत सगळे आलबेल आहे असा कोणी घेऊ नये. वीस डॉलरच्या नोटेवर हॅरिएट टबमन येणार असे २०१६ मध्ये जाहीर झाले, ती नोट अजून आलेली नाही. पाव डॉलरवर आलेली पहिली काळी स्त्री म्हणून २०२२ साली माया अँजेलो यांचा गौरव झाला आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथल्या नौदल अकादमीच्या ग्रंथालयातून जी ३८१ पुस्तके काढली गेली, त्यांत याच माया अँजेलोंचे गाजलेले आत्मचरित्र होते. ओरड झाल्यावर बहुतेक पुस्तके परत ठेवली गेली, ही गोष्ट वेगळी. लेखिका खिशात चालते, तिचे पुस्तक कपाटात चालत नाही. नाणे काढणाऱ्यांची ही चलाखी लक्षात ठेवा, आपल्याकडे ती वेगळ्या रूपात आहे.

आपल्या देशातही लेखक-कवी नाण्यांवर आले आहेत. १९९५ मध्ये तंजावरच्या जागतिक तमिळ परिषदेनिमित्त तिरुवळ्ळुवर आले. १९९९ मध्ये ज्ञानेश्वर एक रुपयावर आणि २००२ मध्ये तुकोबा दोन रुपयांवर आले. २००६ मध्ये बसवेश्वर आणि नारायण गुरू पाच रुपयांवर. २००९ मध्ये लुई ब्रेल, २०११ मध्ये रवींद्रनाथ. यातला तुकोबांचा दोन रुपया मी विशेष जपून ठेवला आहे. ज्या शूद्र कवीच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, ज्याच्या ओळी बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायक'च्या माथ्यावर मिरवल्या, त्याला सरकारने नाण्यावर घेतले. वही बुडवणाऱ्यांचे नाव कुठल्याही नाण्यावर नाही.

पण बाबासाहेबांची गोष्ट या सगळ्यांहून वेगळी आहे. जगातल्या नाण्यांवर कवी, कादंबरीकार, संत पुष्कळ आहेत. परंतु ज्या नाण्यावर ज्याचा चेहरा आहे, त्याच नाण्याचा ग्रंथ त्याने लिहिला आहे, असा माणूस शोधून पाहा. बाबासाहेबांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी. एस्सी.साठी जो प्रबंध लिहिला तो रुपयावरच होता. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या नावाने तो १९२३ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने छापला. त्याला प्राध्यापक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. सगळे मुद्दे पटत नाहीत असे सांगूनही कॅनन यांनी लेखकाच्या ताज्या दृष्टीचे कौतुक केले. बत्तीस वर्षांचा महाराचा मुलगा जॉन मेनार्ड केन्ससारख्या अर्थतज्ज्ञाच्या मताला आव्हान देत होता. केन्सने १९१३ च्या आपल्या ग्रंथात भारताच्या सुवर्ण विनिमय पद्धतीची भलावण केली होती. बाबासाहेबांनी १८३५ च्या रुपयापासून, ज्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी होती, ते १८९३ मध्ये जनतेसाठी टाकसाळी बंद झाल्या तिथपर्यंत आणि पुढचा सगळा हिशेब मांडला आणि दाखवून दिले की या पद्धतीत सरकारला हवे तेवढे रुपये पाडायची मोकळीक राहते. रुपये वाढले की भाव वाढतात. भाव वाढले की पहिला बळी मजुराचा जातो, कारण त्याची मजुरी भावाच्या मागून लंगडत येते.

रुपया उतरला की निर्यात करणाऱ्या धंदेवाल्यांचा फायदा होतो, हे त्या वेळी राष्ट्रवादी पुढारी मोठ्या आवाजात सांगत होते. बाबासाहेबांनी विचारले, तो फायदा येतो कोणाच्या ताटातून? परदेशी गिऱ्हाइकाकडून नव्हे, इथल्याच कामगाराच्या कमी झालेल्या खऱ्या मजुरीतून. आज रुपया घसरल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. पेट्रोल, खाद्यतेल, डाळ महागली की शिव्या देतो. या दोन्हींतला दुवा आपल्याच बापाने शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवला आहे, हे किती घरांत माहीत आहे?

इथे आपल्याच लोकांना थोडे खडे बोल ऐकवतो. जयंती आली की मोबाईलवर एक मजकूर फिरतो, बाबासाहेबांच्या पुस्तकावरून रिझर्व्ह बँक जशीच्या तशी उभी राहिली. वस्तुस्थिती अशी आहे. १९२५-२६ मध्ये हिल्टन यंग आयोग आला. बाबासाहेबांनी त्याला निवेदन दिले आणि १५ डिसेंबर १९२५ रोजी साक्ष दिली. आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ पासून रिझर्व्ह बँक सुरू झाली. परंतु चलनाबाबत आयोगाने सुवर्ण धातू पद्धत सुचवली आणि बाबासाहेबांचे म्हणणे निराळे होते. रुपये पाडणे सरकारलाही पूर्ण बंद करा, सोन्याचे नाणे पाडा, दोघांचे प्रमाण कायद्याने ठरवा, पण एकाच्या बदल्यात दुसरे देण्याची सक्ती ठेवू नका, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे सरकारने त्यांचे ऐकले, हे अर्धसत्य आहे. त्यांचे पुरते ऐकले नाही, यातच त्यांचे मोठेपण आहे. बाबासाहेबांना खोट्या दागिन्यांची गरज नाही. पण हे कळायला पुस्तक उघडावे लागते, मजकूर पुढे ढकलून भागत नाही.

आणि पुस्तक उघडायचे तर ते मिळाले पाहिजे! महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर: रायटिंग्ज अँड स्पीचेस' ही ग्रंथमाला काढली. वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य झिजवले. रुपयाचा ग्रंथ त्यातल्या सहाव्या खंडात १९८९ मध्ये आला. पुढे काय झाले ते जगजाहीर आहे. छपाईसाठी कोट्यवधींचा कागद घेऊन ठेवला, छपाई मात्र रखडली, अशी बातमी आली. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून त्याची दखल घ्यावी लागली. एका बाजूला १२५ रुपयांचे नाणे, ज्यात निम्मी चांदी, वजन ३५ ग्रॅम. ते बाजारात कधी चालले नाही. दर्शनी किमतीच्या कितीतरी पट मोजून टाकसाळीकडून विकत घ्यायचे आणि कपाटात ठेवायचे. दुसऱ्या बाजूला पन्नास-शंभर रुपयांत गरिबाच्या मुलाला मिळावेत असे खंड, ज्यांचा कागद गोदामात पडून. चांदीचा बाबासाहेब श्रीमंताच्या कपाटात आणि कागदाचा बाबासाहेब गोदामात. यापेक्षा वेगळी मनुवादी व्यवस्था कशी असते?

दहा रुपयांच्या नाण्याचे तर आणखी हाल झाले. ते खऱ्या अर्थाने चलनात आले होते. मला ते पहिल्यांदा भाजीबाजारात सुट्ट्या पैशांत मिळाले आणि मी रस्त्यातच थांबून ते उन्हात धरून पाहिले. नंतर दहाची नाणी नकली आहेत अशी आवई उठली. दुकानदार घेईनात, रिक्षावाले घेईनात. रिझर्व्ह बँकेला १७ जानेवारी २०१८ रोजी जाहीर करावे लागले की दहा रुपयांची नाणी तोपर्यंत १४ नमुन्यांत काढली असून ती सर्व वैध आहेत. त्या १४ नमुन्यांत बाबासाहेबांचाही एक. एका किराणा दुकानदाराने माझ्यासमोर एका बाईचे हे नाणे काउंटरवरून बोटाने मागे सरकवले. "हे चालत नाही, दुसरे द्या." आवई सगळ्याच दहाच्या नाण्यांबद्दल होती, त्याच्या मनात जात नसेलही. पण बोटाने मागे सरकवण्याची ती लकब पाहून मला आजोबांनी सांगितलेले पाण्याचे थेंब आठवले. मी त्याला एवढेच म्हणालो, "शेठ, २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे हजार रुपयांपर्यंत ही नाणी नाकारता येत नाहीत." त्याने कुरकुरत घेतले. कायदा पाठ असला की असे होते.

या छंदात पडणाऱ्या तरुणांना दोन गोष्टी सांगून ठेवतो. अमुक साली निघालेल्या अमुक नाण्याचे लाखो रुपये मिळतील, अशा जाहिराती येतात. १९९० चा बाबासाहेबांचा रुपया अमाप निघाला आहे, त्यासाठी कोणी लाख देणार नाही. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून जुन्या नाण्यांच्या व्यवहारात शुल्क उकळणाऱ्यांबद्दल बँकेनेच २०२१ मध्ये सावध केले आहे. दुसरे म्हणजे नाण्याला भोक पाडून गळ्यात घालू नका. जपायचे तर कागदाच्या पाकिटात, वर्ष लिहून जपा.

आता पुढचे. ११ एप्रिल २०२७ रोजी महात्मा जोतीराव फुले यांच्या जन्माला २०० वर्षे पूर्ण होतात आणि ३ जानेवारी २०३१ रोजी सावित्रीबाईंच्या. टपाल खात्याने जोतीरावांचे तिकीट १९७७ मध्ये आणि सावित्रीबाईंचे १९९८ मध्ये काढले. नाण्याची मागणी आपण आतापासून केली पाहिजे, आणि ती नुसती 'नाणे काढा' अशी मोघम नको. नाणे चलनात येणारे हवे, मखमली पेटीतले नको. पाच किंवा दहा रुपयांचे हवे, म्हणजे ते शाळेत जाणाऱ्या मुलीच्या मुठीत येईल. आणि त्यावर केवळ पागोटे आणि चेहरा नको. पाटी घेऊन बसलेली मुलगी हवी, शिकवणाऱ्या सावित्रीबाई हव्यात, 'गुलामगिरी'चे उघडे पान हवे. संघाच्या नाण्यावर स्वयंसेवक कसे उभे आहेत हे टाकसाळीच्या कलाकाराला बारकाईने कोरता येते, तर त्याच हाताला पाटी-पेन्सिलही कोरता येईल. विहारांनी, महिला मंडळांनी, विद्यार्थी संघटनांनी याचे ठराव करून अर्थ मंत्रालयाकडे पाठवावेत. ठरावाची एक प्रत आपल्या खासदाराला द्यावी आणि पोच घ्यावी. त्याच ठरावात सहाव्या खंडाचा स्वतंत्र मराठी अनुवाद स्वस्तात छापून हवा, हीही मागणी घालावी. नाणे आणि पुस्तक दोन्ही एकाच कागदावर मागा.

मागे एकदा ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या कडेने पुस्तकांच्या स्टॉलांमधून फिरत होतो. पाय ठेवायला जागा नव्हती, लोक पोत्यांनी पुस्तके नेत होते. हे दृश्य दुसऱ्या कुठल्याही यात्रेत दिसत नाही, याचा अभिमान वाटतो. एका पोराला विचारले, "बाळा, सहावा खंड आहे का? रुपयाचा?" त्याने गठ्ठे उलटेपालटे केले, खाली वाकून खोकी पाहिली आणि म्हणाला, "जयभीम काका, तो नाही येत हल्ली. पण बाबासाहेबांच्या नाण्याचं लॉकेट आहे. देऊ का?"